घरीच कूलंट बदलायचंय, रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनात जुनं किती उरतं?

प्रश्न

नमस्कार मंडळी, सेकंडहँड घेतलेली पेट्रोल गाडी आहे, आधीच्या मालकाने कूलंट कधी बदललं होतं याची कुठेच नोंद नाही. कूलंटच्या टाकीत डोकावलं तर हिरवट तपकिरी पाणी दिसतं आणि तळाला थोडा गाळ बसलाय. गाडी गरम होत नाही, काटा मधेच असतो, लेव्हल पण फारशी उतरत नाही, पण बघून बरं वाटत नाही म्हणून घरीच फ्लश करून नवीन भरायचा विचार आहे. रेडिएटरच्या खाली कोपऱ्यात प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग दिसतोय, तो सोडला की सगळं निघून येतं का? का इंजिनात काही राहतं? फ्लश साध्या नळाच्या पाण्याने केला तर चालेल का, आणि शेवटी तयार मिक्स केलेलं कूलंट ओतायचं की कॉन्सन्ट्रेट आणून स्वतः पाणी मिसळायचं? वर रंगाचा घोळ आहेच, हिरवं, गुलाबी, निळं, केशरी, काय बघून घ्यायचं तेच कळत नाही. इंजिनात हवा अडकते म्हणतात त्याचीही धास्ती आहे. ज्यांनी हे घरी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

उत्तर १

तुम्ही पहिल्याच फटक्यात बरोबर मुद्द्याला हात घातलात, कारण या कामात बहुतेक लोक फसतात ते इथेच. खालचा प्लग सोडला की फक्त रेडिएटर रिकामा होतो, इंजिन ब्लॉकमधलं आणि हीटरच्या छोट्या रेडिएटरमधलं आतच राहतं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असतो ना, त्यामुळे ब्लॉकमधलं खाली उतरतच नाही. साधारण निम्मं निघतं असं धरून चाला, कुठल्या गाडीत थोडं जास्त, कुठे कमी.

म्हणून पहिलं काम म्हणजे मॅन्युअल उघडून एकूण कपॅसिटी किती लिटर ते बघा (त्यात हीटर आणि टाकी धरलीय का तेही तिथेच लिहिलेलं असतं), आणि दुसरं, जे निघेल ते मापाच्या भांड्यात मोजा. जमिनीवर सांडू देऊ नका, पसरट घमेलं लावा आणि नंतर मोजून कॅनमध्ये भरा. हा आकडा हातात नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

का ते सांगतो. समजा सिस्टीम ६ लिटरची आहे आणि प्लगमधून ३.५ लिटर निघालं. तुम्ही साध्या पाण्याने मस्त फ्लश केलंत, शेवटचं पाणी सोडलंत, तेव्हा आत २.५ लिटर पाणी राहिलेलंच आहे. आता त्यावर तयार ५०-५० वालं कूलंट ३.५ लिटर ओतलं तर खरं ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव, बाकी पाणी) गेलं पावणेदोन लिटर, म्हणजे सहा लिटरमध्ये २९ टक्के. कॅनवर ५० लिहिलंय, गाडीत २९ आहे, आणि हे बाहेरून दिसत नाही कारण रंग तसाच छान दिसतो. बऱ्याच कंपन्या ४० टक्क्यांच्या खाली जाऊ नका म्हणतात, कारण ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी केमिकलं पण पातळ होतात, आणि गंजाचंच दुखणं मोठं असतं, गोठण्याचं नंतर.

त्यामुळे पाण्याने फ्लश करणार असाल तर शेवटी कॉन्सन्ट्रेटच घ्या. एकूण कपॅसिटीच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं, ६ लिटरला ३ लिटर, आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. आत राहिलेलं पाणी आपोआप हिशोबात येतं. तयार मिक्सच वापरायचं असेल तर मग फ्लशही त्याच मिक्सने करा, म्हणजे काढा, भरा, गाडी फिरवा, परत काढा. कूलंट जास्त जातं पण प्रमाणाची चिंता राहत नाही.

आणि कॉन्सन्ट्रेट जास्त घातलं तर अजून चांगलं असंही नाही बरं का. नुसतं इथिलीन ग्लायकॉल उणे १२-१३ अंशालाच गोठतं, पाण्यात अर्धंअर्ध मिसळल्यावर मात्र साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा कितीतरी सरस. ६०-६५ टक्क्यांच्या वर जाण्यात काही फायदा नाही.

उत्तर २

वरच्या दादांनी हिशोब छान सांगितला. मी रंगाबद्दल बोलतो.

रंग विसरून जा. रंग म्हणजे नुसता डाय आहे, त्याचं कुठलंही जागतिक स्टँडर्ड नाही, एका कंपनीचं गुलाबी आणि दुसऱ्या कंपनीचं गुलाबी आतून पूर्ण वेगळं असू शकतं. बघायचं ते स्पेसिफिकेशन, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच कॅनच्या मागे छापलंय का. ढोबळ मानाने जुन्या पद्धतीचं कूलंट सिलिकेट-फॉस्फेटवालं असतं, ते धातूवर पटकन थर धरतं पण लवकर संपतं, दोनेक वर्षांत बदलावं लागतं. नंतर आलं ते ऑरगॅनिक ॲसिडवालं, ज्याला ओएटी म्हणतात, ते पाच वर्षं किंवा जास्त चालतं. आणि मधले हायब्रीड प्रकार, त्यात युरोपियन गाड्यांचा कल सिलिकेटकडे आणि जपानी-कोरियन गाड्यांचा फॉस्फेटकडे. फोक्सवॅगनवाल्यांचं जी ११, जी १२, जी १३ असं करत चाललंय तेही हेच.

दोन प्रकार मिसळले की लगेच इंजिन बसतं असं नाही, पण टिकाऊपणा जातो, आणि काही जोड्यांमध्ये जेलीसारखा गाळ होतो जो हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. तुमच्या गाडीत आधी काय होतं ते माहीतच नाही, वर गाळही दिसतोय, म्हणून तुम्हाला जुनं शक्य तितकं काढणं भाग आहे. ज्याला आधीचं कूलंट नक्की माहीत आहे आणि तेच परत भरायचंय त्याने एवढा फ्लश नाही केला, एकदा काढून भरलं, तरी चालतं.

अजून एक गोष्ट, फ्लश करायच्या आधी तो तपकिरी रंग कशाचा आहे ते बघा. टाकीतलं थोडं पांढऱ्या कपात काढा. नुसतं गंजाचं पाणी असेल तर पातळ असतं आणि ठेवलं की खाली लाल-तपकिरी भुकटी बसते. बोटाला तेलकट, चिकट लागलं, वर तवंग आला किंवा घट्ट साय असल्यासारखं दिसलं तर थांबा. ते तेल आहे, हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील) किंवा ऑइल कूलरमधून येतंय. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरमध्येच बसवलेला असेल तर तिथूनही येतं. अशा वेळी कितीही फ्लश केलं तरी उपयोग नाही, आधी गळती शोधायला लागते.

प्रश्नकर्ता

खूप आभार दोघांचे. कपात काढून बघितलं, पातळच आहे, तेलकट अजिबात नाही, तळाला लालसर भुकटी बसली, म्हणजे गंजच. मॅन्युअलमध्ये टाकीसकट ५.५ लिटर लिहिलंय. आज सकाळी गार गाडीवर प्लग सोडला, मोजून २.८ लिटर निघालं. आता नळाच्या पाण्याने फ्लश करू का आणि किती वेळा?

उत्तर १

मस्त, आता बोलायला आकडे आहेत. ५.५ पैकी २.८ निघालं म्हणजे २.७ आत. दर वेळी काढून भरलं की जुन्यातलं जवळपास निम्मं उरतं. पहिल्यांदा पाणी भरून फिरवलं की जुनं ४९ टक्के, दुसऱ्यांदा २४, तिसऱ्यांदा १२, आणि त्यानंतर कूलंट भराल तेव्हा ६ च्या आसपास. तेवढं पुरे. पाणी अगदी काचेसारखं निघेपर्यंत करत बसायची गरज नाही.

पण ‘फिरवलं’ म्हणजे नुसतं पाच मिनिटं स्टार्ट करून बंद केलं असं नाही. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे साधारण ८२ ते ९० अंशाला येईपर्यंत, हीटर फुल गरमवर ठेवून चालू ठेवायचं. थर्मोस्टॅट उघडला नाही तर पाणी ब्लॉकमध्येच घोळत राहतं, रेडिएटरमधलं वेगळं राहतं, आणि तुम्ही स्वच्छ पाणीच परत काढता. वरचा होज आधीपासून कोमट असेल तर फसू नका, खालचा होज गरम झाला की समजा उघडला. मग गाडी पूर्ण गार होऊ द्यायची, तासाभरात घाई करू नका, आणि मगच प्लग. दिवसभराचं काम आहे हे, दुपारपर्यंत उरकेल असं धरू नका.

तुमच्या बाबतीत शेवटचा हिशोब अगदी काठावर आहे बघा. निम्मं म्हणजे २.७५ लिटर कॉन्सन्ट्रेट लागणार आणि जागा आहे २.८ ची. म्हणजे जवळजवळ सगळी जागा कॉन्सन्ट्रेटनेच भरायची, वर घोटभर डिस्टिल्ड. तयार मिक्स ओतलं असतं तर २५ टक्क्यांवर बसला असतात. शक्य असेल तर खालचा होजही काढा, अजून थोडं निघतं. काही इंजिनांना ब्लॉकला वेगळा ड्रेन बोल्ट असतो, मिळाला आणि हात पोचला तर उत्तमच, पण गंजून बसला असेल तर त्याच्याशी मारामारी करू नका.

नळाचं पाणी सुरुवातीच्या फ्लशला चालतं असं माझं मत, शेवटचा मात्र डिस्टिल्डने.

उत्तर ३

नळाच्या पाण्याबाबत मला हे पटत नाही, कारण वर तुम्हीच सांगितलंत की दर वेळी निम्मं आत राहतं, मग नळाच्या पाण्याचंही निम्मं राहणारच ना. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम गरम भिंतीवर थर धरतं, आणि फॉस्फेट किंवा सिलिकेटवालं कूलंट असेल तर ती केमिकलं या क्षारांशीच जोडली जाऊन खाली बसतात, म्हणजे जे गंज रोखायला घातलं तेच वाया. क्लोराइड तर ॲल्युमिनियमला टोचून टोचून खातं, आणि आताचे रेडिएटर, हेड सगळं ॲल्युमिनियमच. पहिला एक फ्लश नळाचा, बाकीचे डिस्टिल्डचे, असं करा. बॅटरीत घालतात ते डिमिनरलाइज्ड पाणी पण चालतं, फक्त कॅनवर ‘बॅटरी ॲसिड’ लिहिलेलं चुकून उचलू नका, शेजारीशेजारीच ठेवलेलं असतं.

फ्लशिंग केमिकलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. व्हिनेगर, लिंबूसत्व असले घरगुती उपाय ॲल्युमिनियमवर करू नका. बाजारातलं क्लीनरही गरज असेल तरच, आणि वापरलंत तर त्यानंतर एक जास्तीचा फ्लश ठेवा कारण उरलेलं क्लीनर नवीन कूलंटला पण खातं. तुमची गाडी गरम होत नाहीये, नुसतं पाणी पुरेल. आणि गळती थांबवणारी पावडर, द्रव वगैरे कशाला हात लावू नका, ते गळती बुजवतं तसं हीटरच्या नळ्याही बुजवतं.

नळाचा पाइप थेट जोडून जोरात पाणी मारायचं नाही, जुन्या हीटर कोअरला (हीटरच्या छोट्या रेडिएटरला) तो दाब सोसत नाही. आणि कितीही घाई असली तरी गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

उत्तर ४

सगळे पाण्याबद्दलच बोलतायत, मला सेफ्टीचं सांगायचंय आणि ते मी कळकळीने सांगतोय.

गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. झाकण साधारण एक बारचा दाब धरून असतं, त्यामुळे आतलं ५०-५० कूलंट १२५ अंशाच्या पुढेही न उकळता राहू शकतं. झाकण फिरवलं की दाब जातो, त्याच क्षणी ते उकळून वाफेसकट तोंडावर येतं. फडकं टाकून हळू उघडलं तर चालतं असं लोक सांगतात, ऐकू नका. वरचा होज हाताने दाबून बघा, कडक लागला तर अजून थांबा.

दुसरं, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. कुत्री-मांजरं चाटतात, मांजराला तर अगदी थोडंसं पुरतं, मूत्रपिंड निकामी होतात. लहान मुलांचंही तेच. घमेलं भरून ठेवून जेवायला जाऊ नका. पेयाच्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका, जुन्या कूलंटच्या कॅनमध्येच भरा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा. सांडलेलं माती किंवा भुसा टाकून उचला आणि जागा धुऊन काढा. कोणाच्या किंवा प्राण्याच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठायचा, यावर उतारा आहे पण तो पहिल्या काही तासांतच कामाचा.

जुनं कूलंट गटारात, झाडाच्या बुंध्यात ओतू नका. त्यात इंजिनातले धातूही उतरलेले असतात. जे गॅरेज वापरलेलं तेल-कूलंट रिसायकलिंगला देतं तिथे नेऊन द्या. तुमच्या पहिल्या फ्लशचं पाणी पण यातच धरा, निम्मं कूलंटच आहे ते.

गाडीखाली जाणार असाल तर जॅकवर भरवसा ठेवू नका, जॅक स्टँड लावा. आणि रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक चालू होतो, हात तिथे असेल तर नुसती चावी काढून भागत नाही, बॅटरीचं कनेक्शन काढून ठेवा.

प्रश्नकर्ता

सगळं वाचून तसंच केलं, पहिला फ्लश नळाच्या पाण्याने आणि पुढचे डिस्टिल्डने, शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. मॅन्युअलमधल्या स्पेकचं कॉन्सन्ट्रेट २.७५ लिटर बरोबर बसलं. पण आता एक अडचण आहे, गाडी उभी असताना हीटर गार हवा देतो, ॲक्सिलरेटर दिला की गरम येते, आणि डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज येतोय. काटा नॉर्मल आहे. हे हवेचंच ना? का वॉटर पंप गेला?

उत्तर १

हवाच आहे, पंपाची काळजी आत्ताच नको. हीटर कोअर उंचावर असतो, हवा तिथे जाऊन बसते, आरपीएम वाढला की पंप जोर लावून पाणी ढकलतो म्हणून गरम येते. पण काटा नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, त्याच्याभोवती हवेचा बुडबुडा असेल तर इंजिन तापत असताना काटा खालीच दिसू शकतो. हवा निघेपर्यंत लांब जाऊ नका.

गाडी गार झाल्यावर नाक वर येईल अशी उभी करा, चढावर किंवा रॅम्पवर, आणि हँडब्रेक लावून मागच्या चाकांना ठोकळे. थर्मोस्टॅट हाउसिंगवर किंवा हीटरच्या होजवर ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) आहे का बघा, बऱ्याच गाड्यांना असतो. असेल तर तो सैल करून हळूहळू भरत राहायचं, फसफस थांबून सलग धार आली की बंद. नसेल तर तोंडावर घट्ट बसणारं नरसाळं लावून ते अर्धं भरलेलं ठेवा, हीटर फुल गरमवर, आणि मग गाडी चालू करा. म्हणजे इंजिन गार असतानाच झाकणाच्या जागी नरसाळं बसलेलं हवं, मधेच गरम असताना उघडायचं नाही. बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, भरत राहा. मधूनमधून वरचा होज जाड हातमोजा घालून दाबत राहा, अडकलेली हवा सुटते. थर्मोस्टॅट उघडताना एकदम लेव्हल उतरते, घाबरू नका. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की इंजिन बंद, पूर्ण गार, मग झाकण.

तुमच्याकडे रेडिएटरला वेगळं झाकण आहे की फक्त टाकीलाच? रेडिएटरला झाकण असेल तर बाजूची टाकी नुसती ओव्हरफ्लोची असते, टाकीत कितीही ओतलं तरी रेडिएटर भरत नाही, तिथूनच भरावं लागतं.

प्रश्नकर्ता

रेडिएटरला वेगळं झाकण आहे! मी सगळं तिथूनच ओतलं होतं पण गाडी सपाटीवर होती, आणि ब्लीड स्क्रू नाही.

उत्तर ३

मग झाकण पण तपासा. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक दाब वाढला की टाकीत सोडणारा आणि मधला छोटा, गार होताना टाकीतून परत ओढून घेणारा. मधला चिकटला तर गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा पडतो आणि कूलंट परत न येता हवा शिरते, म्हणजे तुम्ही आज हवा काढाल आणि उद्या परत तेच. रबर कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर झाकण नवीनच घ्या, पण त्याच प्रेशरचं, आकडा वरच छापलेला असतो.

प्रश्नकर्ता

नाक वर करून, नरसाळं लावून केलं. जवळपास अर्धा लिटर अजून गेलं, एवढी हवा होती आत! शेवटी टॉपअपला डिस्टिल्ड वापरू की कूलंट असा प्रश्न पडला, मग हिशोब करून कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड अर्धंअर्ध करून घातलं. आता उभ्या गाडीत पण हीटर गरम देतोय, खळखळ बंद. झाकणाचं रबर चिरलेलं निघालं, बदललं. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंट किती अंशाला गोठेल ते दाखवणारं यंत्र) मागून आणलाय एकाकडून, उणे ३५ दाखवतोय.

उत्तर १

उणे ३५ म्हणजे प्रमाण बरोबर बसलंय, फक्त रिफ्रॅक्टोमीटरवर इथिलीन आणि प्रॉपिलीन अशा दोन पट्ट्या असतात, इथिलीनचीच वाचली ना ते बघा. पुढचे काही दिवस सकाळी गार इंजिनावर लेव्हल बघत जा, सुरुवातीला बोटभर उतरणं साहजिक आहे, राहिलेली हवा निघते. पण आठवडा-दोन आठवड्यांनंतरही सतत उतरत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, किंवा गरम इंजिनावर टाकीत एकसारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळं केमिकल धरतात, एक्झॉस्टचा गॅस आला तर पिवळं पडतं. ड्रेन प्लगही एकदा बघा, प्लॅस्टिकचा आहे, हाताने घट्ट एवढंच पुरे, पान्ह्याने आवळला तर तुटतो. आणि तारीख, किलोमीटर, कूलंटचं स्पेक लिहून बॉनेटच्या आत चिकटवा.

उत्तर ५

हा धागा वाचून विचारतोय, माझी हायब्रीड गाडी (पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोन्हींवर चालणारी) आहे, मी पण असंच करू का?

उत्तर २

सरळ असंच करू नका. बऱ्याच हायब्रीडमध्ये इंजिनाचं कूलंट वेगळं आणि इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या यंत्राचं) वेगळं, दुसऱ्याचा पंप इलेक्ट्रिक असतो आणि त्याची हवा काढायला पंप स्कॅन टूलने किंवा ठरावीक पद्धतीने चालवावा लागतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर गरम कूलंट थर्माससारख्या टाकीत साठवतात, इंजिन गार असलं तरी तिथलं कूलंट भाजण्याइतकं गरम असू शकतं. पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांपैकी काहींना बॅटरीसाठी कमी विद्युतवाहक असं खास कूलंट लागतं, त्यात साधं घातलं तर धोका. आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, त्यात किती सर्किट आहेत ते बघा आणि मग इथे मॉडेल-वर्ष लिहून विचारा.